पोटरीवरचे चार दिवे

२ मार्च

रोज किती चाललात ते लिहून ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. किती चाललो हे लिहायला अर्धी ओळ पुरते. उरलेलं पान कोरं सोडायची माझ्या हाताला सवय नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. कोरी जागा दिसली की इथे काहीतरी सुटलंय असंच वाटतं. तेव्हा खाली मनातलं लिहीन. बायको वाचणार नाही. तिच्या मते माझं अक्षर म्हणजे शाईत पडून उठलेल्या मुंग्या.

डाव्या खांद्याखाली कातडीआड यंत्र बसवलं आहे, खिशातल्या घड्याळाएवढं. माझं हृदय चालता चालता मध्येच थांबून विचार करतं, तेव्हा हे त्याला ढोसतं. इतरांच्या यंत्रात सेल असतो. तो संपला की पुन्हा चिरफाड, आणि दुसरी चिरफाड मला सोसणार नाही. म्हणून हे नवं. याला सेल नाही. माझ्या चालण्यातूनच याची वीज व्हायची. डाव्या पोटरीला पट्टा बांधायचा. पाऊल पडलं की त्यातलं वजन हलतं आणि वीज साठते. संध्याकाळी पट्ट्याची चकती छातीवर धरली की साठलेलं आत उतरतं. पट्ट्यावर चार बारीक हिरवे दिवे आहेत. चार लागले तर भरपूर, दोन लागले तर भागेल, एक म्हणजे काळजी.

“आणि एकही नाही लागला तर?” मी विचारलं.

“तर उठायचं आणि चालायचं.”

“घरातल्या विजेवर नाही भरत?”

“मुद्दाम भोकच ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर तुम्ही चाललाच नसता, काका.”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत पावलं मोजत आलो.

४ मार्च

कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेलो आणि परतलो. दोनदा भिंतीला धरून उभा राहिलो. पाऊल टाकलं की छातीत काहीतरी उडी मारतं. ते माझं की यंत्राचं, कळत नाही. चाललो तर भीती, बसलो तर भीती. माणसाने करावं काय?

संध्याकाळी एकच दिवा लागला. तोही लुकलुकत.

चकती छातीवर धरून बसलो तेव्हा लहानपणचा पत्र्याचा बेडूक आठवला. किल्ली दिली की उड्या मारायचा. शेवटची उडी नेहमी अर्धी असायची. अंग उचलायचा आणि तसाच राहायचा. आम्ही पोरं त्या अर्ध्या उडीला खूप हसायचो.

बायको दिव्याकडे बघत होती. मग भांडी आवरता आवरता म्हणाली, “उद्यापासून दुपारी निजताना पट्टा काढून माझ्याकडे देत जा.”

“कशाला?”

“घामाने आतलं कापड कुजेल. खिडकीत वाळवून ठेवते. तुम्ही उठायच्या आत परत बांधेन.”

किती बारीक लक्ष असतं हिचं.

९ मार्च

चार दिवे.

चारही. स्वच्छ, न लुकलुकता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. गंमत म्हणजे आज मी तळ्याकाठच्या बाकापर्यंतच गेलो आणि बराच वेळ बसून होतो. बहुधा शरीराला सवय झाली की थोड्या चालण्यातही पुष्कळ निघतं. वाळवल्याचाही फरक पडत असेल. कोरड्या कापडात वीज बरी साठत असावी.

बाकावर कप्तान भेटला. खालच्या मजल्यावर राहतो. उमेदीत नदीवर माणसं पोचवणारी लाँच चालवायचा, आता स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देतो.

“काय कविराज, किती भरली टाकी?”

“चार दिवे.”

“मग आमच्या जिन्यातला बल्ब तुमच्या पोटरीला लावू या. महिना झाला बंद आहे. तक्रार करून दमलो.”

त्याला शाळेतली कविता म्हणून दाखवली. चौथीत होती. कवीचं नाव पुस्तकातच नव्हतं. मास्तर पाय आपटून ठेका धरायला लावायचे आणि खालच्या वर्गातून तक्रार यायची.

वाहत जा रे ओढ्या, बाळा, बसू नको तू कोठे;
बसले पाणी डबके होते, चालते पाणी मोठे.

“आणि हे तुम्ही बाकावर बसून सांगताय,” कप्तान म्हणाला.

पुढच्या कडव्यात ओढा उत्तर देतो, एवढं आठवतं. काय उत्तर देतो ते काही केल्या आठवत नाही.

१४ मार्च

रोज चार. भीती कमी व्हायला हवी. तशी ती झालीही आहे, पण गेलेली नाही. जेवताना, बोलताना, बूट घालताना मी मध्येच हात छातीवर नेतो. बायको चिडवते, “आहे का घरी?” मी म्हणतो, “आहे.” हा आमचा नवा विनोद. हसताना दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही.

दुपारी निजलो की तिच्या शिवणयंत्राचा आवाज येतो. जुनं पायाचं यंत्र आहे, लग्नानंतर पहिल्या वर्षी घेतलेलं. खडखड, खडखड, मध्ये श्वासाएवढी उसंत, पुन्हा खडखड. आगगाडीत झोपल्यासारखं वाटतं. लेक लहान असताना याच आवाजावर झोपायची. आवाज थांबला की जागी व्हायची. मग ही पुन्हा पाय मारायची. नुसतेच, तिला झोपवायला. आता लेक परगावी आहे आणि त्या आवाजावर मी झोपतो.

२० मार्च

हिच्याबद्दल लिहायचं आहे, आणि लिहवत नाही.

ही एवढं शिवते काय? पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, तेही मागेच. आता कुणाचं काम घेतलेलं नाही. विचारलं तर “असंच जुनंपानं” म्हणते. जुनंपानं कुठे दिसत नाही.

परवा दूध उतू गेलं आणि ती समोरच बसून होती, डोळे मिटून. काल जेवताना घास हातात धरून पेंगली. डावा पाय ओढत चालते. एवढ्या उकाड्यात जाड मोजे घालते, गुडघ्यापर्यंतचे. “पाय गार पडतात,” म्हणे. मार्चमध्ये?

२३ मार्च

आज तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टा त्यांच्या यंत्राला जोडला आणि पडद्यावरच्या उंचसखल रेघा पाहून खूश झाल्या.

“वा, काका. सकाळी जरा कमी, पण दुपारी दणकून चालता.”

“दुपारी मी झोपलेला असतो,” मी म्हणालो. “तुमच्या घड्याळात काहीतरी चूक असेल. तपासून घ्या.”

बायको पटकन म्हणाली, “यांच्या लक्षात राहत नाही. चालतात दुपारी. मी असते ना बरोबर.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती बाईंकडे बघत होती, अगदी सरळ, खात्रीने.

“पाऊल मात्र हलकं पडतंय,” बाई म्हणाल्या. “वजन उतरलंय का?” काट्यावर उभं केलं. वजन होतं तेवढंच. त्यांनी भुवया उंचावल्या, माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या. बाहेर पडताना हिचा हात जरा वेळ हातात धरून उभ्या होत्या. “मावशी, तुम्हीही एकदा दाखवून घ्या.”

“मला काय धाड भरलीय,” ही म्हणाली.

हलकं पाऊल ऐकून एरवी मी फुशारलो असतो. पण घरी येताना डोक्यात एकच. जे घडलं नाही ते हिला घडल्यासारखं वाटू लागलं आहे. माझ्या थोरल्या आक्काची सुरुवात अशीच झाली होती. आधी बारीकसारीक खोटं, तेही खात्रीने. शेवटी शेवटी रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत बसायची आणि विचारलं तर म्हणायची, सगळ्यांपुरतं होईल, काळजी करू नका.

२६ मार्च

पाहिलं. पाहायला नको होतं.

दुपारी झोप लागली नाही. उठून दाराच्या फटीतून बघितलं. ही यंत्रावर बसली होती. पाय चालले होते, वेगाने. घाम गळत होता. तोंड किंचित उघडं. सुई वर-खाली होत होती आणि सुईत दोरा नव्हता. खाली कापडही नव्हतं. हात मांडीवर नुसते ठेवलेले, देवळाच्या पायरीवर बसलेल्या बाईसारखे. ओठ हलत होते. बहुधा मोजत होती.

मी परत येऊन पडलो. डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने ती आली, नेहमीसारखी, माझ्या पोटरीला पट्टा बांधला. पट्टा गरम होता. खिडकीतल्या उन्हाने.

संध्याकाळी चार दिवे लागले. मला त्यांचा राग आला. मी इथे ठणठणीत, आणि माझ्यासमोर ही विझत चालली आहे.

२७ मार्च

लेकीला फोन केला. हिच्या लपून, जिन्यात उभं राहून.

“आई दोऱ्याशिवाय शिवते.”

“म्हणजे काय, बाबा?”

“म्हणजे तेच. नुसते पाय मारते.”

तिकडून कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मी येते दहा तारखेला. तोवर काही करू नका. रागावू नका तिच्यावर. आणि तुमचं? दिवे?”

“चार.”

“तुम्ही चालताय ना नीट?”

“चार दिवे लागतात म्हणजे चालतच असणार की.”

हे बोललो आणि काहीतरी खटकलं. छापून आलेल्या पानात चूक आहे हे कळावं आणि कुठे आहे ते दिसू नये, तसं. मग कप्तानाने खालून हाक मारली आणि राहून गेलं.

३० मार्च

शिवणयंत्र घरातून घालवलं. रागाने नाही. डोळ्यांसमोर नसेल तर वेड वाढणार नाही, असं वाटलं. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, ही बाजारात असताना. त्याने चाक फिरवून पाहिलं. “झकास चाललंय की, दुरुस्ती कसली करायची?”

“घेऊन जा. मी सांगेपर्यंत परत आणू नका.”

ही परतली. पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यातल्या फरशीवर चार पायांचे चार फिकट चौकोन राहिले होते, त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, रडेल. किंवा भांडेल. भांडणाची तयारी करून ठेवली होती मी, वाक्यांसकट.

“कधी येणार परत?” एवढंच.

“वेळ लागेल. आतला काहीतरी भाग मिळत नाहीये.”

“किती वेळ?”

“तुला एवढी घाई काय आहे? विश्रांती घे जरा.”

तिने माझ्या पोटरीकडे पाहिलं. मग म्हणाली, “अहो, उद्यापासून जरा लांब चालून येऊ या का? दोघं?”

मी म्हणालो, बघू.

१ एप्रिल

तीन दिवे.

तळ्यापर्यंत गेलो होतो, ही बरोबर होती. बाकापाशी आल्यावर मी बसलो. ती बसेना. “चला ना अजून, त्या टाकीपर्यंत.” मला धाप लागली होती. “उद्या,” म्हटलं. ती उभीच राहिली, माझ्यासमोर, शाळेत मास्तर उभे राहायचे तशी. “तुमची ती ओढ्याची कविता म्हणा आणि उठा,” म्हणाली. मी कविता म्हटली. उठलो नाही.

३ एप्रिल

दोन.

म्हणजे पट्टा बिघडला. माझ्या चालण्यात तर काही फरक नाही. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई परिषदेला गेल्या आहेत, परवा येतील. दोनावर भागतं असं त्यांनीच सांगितलं होतं. पण चारावरून दोनावर आलेला माणूस आणि मुळातच दोनावर असलेला माणूस सारखे नसतात. मी चमचा तोंडाकडे नेतानासुद्धा विचार करतो, याला किती वीज लागली असेल. मोठ्याने हसत नाही. कविता मनातल्या मनात म्हणतो.

ही दुपारभर घरात नव्हती. “टपाल आलंय का बघून आले,” म्हणाली. चार मजले उतरून. तासाभराने पुन्हा निघाली, टपाल बघायला. आक्का, आक्का. अगदी तसंच.

दाराला आतून कुलूप घालून ठेवावं का? विचार मनात आला आणि मला माझीच लाज वाटली. तरी किल्ली उशीखाली ठेवली आहे.

४ एप्रिल

सकाळपासून छाती रिकामी वाटते आहे. ठोका पडतो, मग कुणीतरी जिना चढून येतंय असं वाटत राहतं, आणि येत नाही. मग पडतो.

दुपारी पट्टा नेहमीप्रमाणे तिच्याकडे दिला. किल्ली लावायचं धाडस झालं नाही. ही दार ओढून गेली. मी पलंगावर पडून तिची पावलं ऐकत होतो. उतरताना टक, टक, आणि एक पाय ओढल्याचा आवाज. बराच वेळ गेला. मग चढताना. मग पुन्हा उतरताना. आणि मग ती पावलं ज्या पायरीवर थांबायला नकोत तिथे थांबली.

कप्तानाची हाक आली. “कविराज.” कविराज हा शब्द त्याने असा कधी उच्चारला नव्हता.

मी कसा उतरलो ते सांगता येणार नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून, रंग उडालेली. कप्तानाने तिच्या पाठीमागे आपली उशी दिली होती. डाव्या पायाचा मोजा घसरून घोट्याशी आला होता.

पोटरीवर माझा पट्टा होता.

त्याखाली कातडी सोललेली. जुनी खपली, तिच्यावर नवी खपली. जिन्यातला तो बल्ब अजून बंदच होता, त्यामुळे दिवे चांगले दिसत होते. दोन लागले होते, तिसरा लुकलुकत होता.

मी खाली बसलो. तिने डोळे उघडले, पट्ट्याकडे पाहिलं, आणि अपराध्यासारखी म्हणाली, “आज तिसरा लागतच नव्हता हो. यंत्र असतं तर बसल्या बसल्या झालं असतं.”

“हे तू…”

“ओरडू नका. ओरडायला पण वीज लागते.”

“मला सांगायचं नाही?”

“पहिल्या दिवशी एक लागला तेव्हा तुमचं तोंड पाहिलं मी,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर भीतीनेच गेला असता.”

कप्तान तोंड फिरवून गुडघा चोळत बसला.

६ एप्रिल

डॉक्टरीणबाई घरी आल्या. हिची छाती बराच वेळ ऐकली. इतका वेळ माझीही कधी ऐकली नव्हती.

“मला त्या रेघा पाहूनच शंका आली होती,” मला बाहेर नेऊन म्हणाल्या. “वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलेलं असेल. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.” मग खालच्या आवाजात, “मावशींचं हृदय मोठं झालंय. हे आजचं नाही, जुनं असणार. त्यांनी दम लागतो असं कधी सांगितलं नाही?”

नाही सांगितलं. मी विचारलं नाही.

“त्यांना यंत्र बसवता येईल?”

“त्यांचा ठोका ठीक आहे. ताकद कमी आहे. त्याला यंत्र नाही, काका. गोळ्या आणि विश्रांती. पायऱ्या नाहीत, ओझं नाही. आणि तुम्ही…”

“मी चालेन,” म्हणालो.

७ एप्रिल

शिवणयंत्र परत आणलं. चार पाय त्या चार फिकट चौकोनांवर बरोबर बसले. तिचा पलंग शेजारी ओढून घेतला.

सकाळी टाकीपर्यंत जाऊन आलो, एकटा. छातीत उड्या पडत होत्या. पडू दिल्या. कप्तान बाकावरून ओरडला, “कविराज, ओढा निघाला का?” थांबलो नाही, थांबलो असतो तर बसलो असतो.

दुपारी यंत्रावर बसलो. पाय आधी उलटेच पडले, चाक मागे फिरलं. ती पडल्या पडल्या हसली, आणि हसताना मध्येच श्वासासाठी थांबली. मग म्हणाली, “टाच दाबा, मग चवडा. मोजू नका, दमायला होतं. काहीतरी म्हणा.”

मी ओढ्याची कविता म्हणू लागलो. ठेका आपोआप जमला. पहिलं कडवं संपलं आणि नेहमीसारखा अडलो. पाय चालू, तोंड बंद. तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून तिने पुढचं म्हटलं.

ओढा म्हणतो, चालू कसला, पाणी माझे नाही;
डोंगरमाथी मेघ एकटा रिता होत राही.

“तुला कुठून येतं हे?”

“तुम्हीच म्हणायचा, लग्नानंतर. मी यंत्रावर असायचे, तुम्ही खुर्चीत. रोज म्हणायचा. पुढेही आहे एक कडवं.”

“म्हण ना.”

“संध्याकाळी,” ती म्हणाली. “आत्ता झोप येतेय. आवाज थांबवू नका.”

थांबवला नाही. संध्याकाळी पोटरीवर चार दिवे लागले, माझे, पहिल्यांदाच माझे. पट्टा सोडून मी तिच्या उशाशी ठेवला, दिसावेत म्हणून. ती अजून झोपलेली आहे. तिच्या अंगावर कुठे दिवा नाही, एकही नाही. किती उरलंय ते कशावरून बघायचं? पुन्हा पुन्हा वाकून श्वास ऐकतो आणि परत येऊन पाय मारतो. मध्ये जरा थांबून पाहिलं, लेक जागी व्हायची तशी ही होते का. झाली. डोळे न उघडता म्हणाली, “अहो, थांबलात का?”

आता लिहिणं बंद करतो. पाय रिकामे ठेवायची भीती वाटते.